गाठ फोडू नका, आणून दाखवा

वाचकांचे प्रश्न : लहान मुलांच्या शस्त्रक्रिया

मागच्या अंकात मी हर्नियाबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती मानेबद्दल. बहुतेक आयांची आणि आज्यांची, दोन वडिलांची. लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करत सोलापुरात मला तेवीस वर्षं झाली. बाळाच्या मानेवर गाठ दिसली की घर किती घाबरतं, हे मी रोज बघते. म्हणून हा अंक सगळा मानेचा. लिहिणाऱ्यांची नावं वगळली आहेत, गावं ठेवली आहेत.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. गळ्याच्या मधोमध, घाटीच्या थोडी वर चिंचोक्याएवढी गाठ आहे. दिवाळीत ती लाल झाली, ताप आला आणि फुटून पू गेला. औषधांनी बसली, पण गेली नाही. सासूबाई म्हणतात ही गंडमाळ, डाग दिला की जाते. शेजारच्या काकू म्हणतात, ग्रहणात मी काहीतरी चिरलं असणार. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, त्यात गळ्यातलं हाडही कापणार म्हणाले. एवढ्याशा गाठीसाठी हाड कशाला? त्याचं बोलणं जाईल का?
— एक आई, साखर पेठ, सोलापूर

ताई, आधी ग्रहणाचं बोलू, कारण तुमच्या पत्रातल्या त्या ओळीवर शाई पसरलेली आहे.

तुम्ही सांगता त्यावरून ही गाठ थायरॉईडच्या नळीची असावी. हात लावून बघितल्याशिवाय मी निदान लिहून देत नाही, पण जागा, वय आणि पू होणं, तिन्ही तिकडेच बोट दाखवतात. तसं असेल तर तिचं मूळ तुम्हाला दिवस राहिल्यानंतरच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत आहे. बाळ तेव्हा पावट्याच्या दाण्याएवढं असतं. थायरॉईड ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून गळ्यात खाली उतरते. उतरताना मागे एक बारीक नळी राहते. ती पुढे आपोआप विरते. काही मुलांत तिचा एखादा तुकडा विरायचा राहून जातो, त्यात पाझर साठतो आणि दोन-चार वर्षांनी गाठ दिसू लागते. हे तुमच्या विळीने झालं नाही, चंद्राच्या सावलीनेही नाही. काकूंना हे पान वाचून दाखवा.

घरी एक गोष्ट बघता येईल. मुलाला समोर बसवून जीभ पूर्ण बाहेर काढायला सांगा. गाठ वर सरकली, पाणी गिळतानाही वर गेली, तर ती जिभेच्या मुळाला बांधलेली आहे. गंडमाळ, म्हणजे क्षयाच्या गाठी, बहुधा मानेच्या बाजूला आणि एकाहून जास्त असतात, जीभ काढल्यावर हलत नाहीत. त्यांच्यावर क्षयाच्या गोळ्या आहेत. म्हणजे गंडमाळ असती तरी डाग हा तिच्यावरचा इलाज नव्हता.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या लहानपणी गावात डॉक्टर नव्हता. लेकरासाठी काहीतरी करायचंच, या मायेपोटी लोक डाग देत, बिब्बा घालत. ती माया मला कळते. पण डाग दिलेले गळे मी टेबलावर बघितले आहेत. वरची कातडी जळते, खालची गाठ तशीच राहते, आणि जळलेल्या जागी सगळं एकमेकांना इतकं चिकटतं की पुढे शस्त्रक्रियेत कुठला पदर कशाचा ते सापडत नाही. कृपा करून डाग देऊ नका.

आता हाडाचं. माझे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते. कापडावरची गाठ नुसती वरून कातरली तर धाग्याचं टोक आत राहतं आणि दोन धुण्यांत वर येतं, हे त्यांच्याकडून मी शाळेत असताना ऐकलं. तुमच्या मुलाच्या गळ्यातही तसंच आहे. जी दिसते ती गाठ, तिच्यापासून जिभेच्या मुळापर्यंत गेलेली नळी हा धागा. तो धागा हायॉइड नावाच्या, घोड्याच्या नालासारख्या छोट्या हाडाला अगदी लगटून वर जातो. हनुवटीखाली बोटं फिरवलीत तर ते हाड हाताला लागतं. नुसती गाठ काढली तर जवळपास निम्म्या मुलांमध्ये ती परत येते. अमेरिकेतल्या सिस्ट्रंक नावाच्या सर्जनने 1920 मध्ये लिहून ठेवलं, की गाठीबरोबर हायॉइडचा मधला तुकडा आणि तिथून जिभेच्या मुळापर्यंतचा थोडा मांसल गाभाही काढा. शंभर वर्षं उलटली, आजही आम्ही तेच करतो. तसं केलं तर परत येण्याचं प्रमाण शंभरात पाच-सहाच्या आसपास उतरतं.

तो तुकडा जेमतेम एक-दीड सेंटीमीटरचा. उरलेली दोन टोकं स्नायूंनी धरलेली असतात. बोलणं जात नाही, गिळणं अडत नाही. दोन-तीन दिवस घसा दुखतो, तेव्हा मऊ भात आणि गार दूध द्या. कधी एक बारीक नळी एक-दोन दिवस ठेवतात, ती बघून घाबरू नका.

एक आठवण सांगते. मी शिकत असताना, सोलापूरबाहेरच्या एका रुग्णालयात, सात वर्षांची एक मुलगी आली. आधी गळू म्हणून चीर दिलेली, मग कोणीतरी नुसती गाठ काढलेली, हाड तसंच ठेवून. गाठ परत आली होती. तिसऱ्या वेळी मी चिमटे धरायला उभी होते. जिथे तासाभराचं काम, तिथे साडेतीन तास लागले. बाहेर तिची आई डबा न उघडता बसली होती. "पहिल्यालाच का नाही केलं असं?" एवढंच तिने विचारलं, आणि आमच्यातल्या कोणाकडे उत्तर नव्हतं. या गाठींना पहिली शस्त्रक्रिया हीच सगळ्यात चांगली संधी असते. म्हणून तुमचे डॉक्टर हाडाबद्दल आधीच बोलले याचा मला आनंद झाला. त्यांना काम माहीत आहे.

त्यांना दोन गोष्टी मात्र विचारा. पहिली, मानेची सोनोग्राफी झाली का आणि थायरॉईड ग्रंथी तिच्या नेहमीच्या जागी दिसली का. क्वचित एखाद्या मुलात ग्रंथी खाली उतरलेलीच नसते आणि गाठ म्हणून जी दिसते तीच त्याची एकुलती एक थायरॉईड असते. ती काढली तर पोराला जन्मभर गोळी. दुसरी, पू होऊन किती दिवस झाले. सूज पूर्ण उतरल्यावर साधारण सहा आठवडे थांबून केलेलं बरं. तुमच्याकडे तेवढा वेळ आहे, आणि ही धावपळीची शस्त्रक्रियाही नव्हे. पण वर्षानुवर्षं पुढेही ढकलू नका, दर वेळी पू झाला की काम अवघड होत जातं.

आमची मुलगी पाच महिन्यांची. उजव्या बाजूला, गळ्याच्या अगदी खाली, टाचणी टोचल्यासारखं भोक आहे. त्यातून मधूनमधून पाण्याचा थेंब येतो, झबल्याची कड ओली होते. तिला त्रास काहीच नाही. एवढ्याशा भोकासाठी भूल द्यायची का? माझ्या बायकोला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्याचा काही संबंध?
— एक वडील, मोहोळ

दादा, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. तो तुम्हाला सुचला याचं कौतुक वाटतं.

गर्भात चौथ्या-पाचव्या आठवड्यात मानेच्या दोन्ही बाजूंना वळ्यांसारखे उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खाचा असतात, माशाच्या कल्ल्यांची आठवण यावी अशा. त्यांतून जबडा, कान, घसा घडतो आणि खाचा बुजतात. एखादी खाच पूर्ण बुजली नाही तर तिथे नळी राहते. सगळ्यात जास्त वेळा राहते ती दुसरी खाच, शंभरात नव्वदहून अधिक वेळा. तिचं तोंड तुम्ही सांगता तिथेच असतं, मानेच्या तिरक्या स्नायूच्या पुढच्या कडेला, खालच्या भागात.

भोक टाचणीएवढं, पण आतली वाट लांब. ती वर चढते, मेंदूकडे रक्त नेणारी मोठी धमनी जिथे दुभागते तिथे दोन फांद्यांच्या मधून जाते आणि काही बाळांत थेट टॉन्सिलच्या खळग्यात उघडते. म्हणून तोंड शिवून टाकणं, औषध लावून सुकवणं, वरचा अर्धा इंच काढणं, यातलं काहीच पुरत नाही. तोंड बंद झालं की पाझर आत कोंडतो आणि पू होतो. भोक दाबून पाझर काढत बसू नका, आत काडी किंवा सुई घालून तर मुळीच बघू नका.

शस्त्रक्रिया करावी, पू होण्याआधी करावी. बाळाचं वजन नीट वाढत असेल तर मी सहा महिने ते वर्ष यांच्या दरम्यान बोलावते. भोकाभोवती छोटा आडवा छेद घेऊन नळी मोकळी करत वर जायचं. एका छेदातून वरचं टोक गाठता आलं नाही तर वर दुसरा तेवढाच छेद घेतात, शिडीच्या पायऱ्यांसारखा. दोन चिरा असतील असं डॉक्टर म्हणाले तर ते कसबाने म्हणतायत. दोन्ही चिरा मानेच्या घडीत मिटून जातात.

आता तुमच्या पत्नीच्या कानाचं. काही घराण्यांत मानेचं असं भोक, कानापुढचा खळगा, कमी ऐकू येणं आणि मूत्रपिंडाची जन्मजात व्यंगं एकत्र चालत येतात. तुमच्या घरात तसं असेलच असं नाही. तरी मुलीची श्रवणचाचणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. भोक दुसऱ्या बाजूलाही आहे का ते उजेडात नीट बघा. पत्नीच्या मानेवर, कानापुढे बारीक खूण आहे का, हेही बघा. पुष्कळदा मुलाला तपासताना आईचं तसलं भोक पहिल्यांदा कळतं.

मोहोळहून फार लांब यावं लागत नाही. येताना मुलीला पुढून उघडणारं झबलं घाला, गळ्यातून काढायचं नको.

नातू सव्वा महिन्याचा. पायाळू आहे. तिसऱ्या आठवड्यात मानेत उजवीकडे सुपारीएवढी टणक गाठ लागली आणि मान उजवीकडे कलते, तोंड डावीकडे फिरतं. न्हाऊ घालणारी बाई म्हणते शीर चढलीय, दोन झटक्यांत सरळ करते. करू द्यावं का?
— एक आजी, अक्कलकोट

आजी, झटका देऊ देऊ नका. त्या बाईंचा हात चांगला असेल, बाळंतिणीला त्यांचा आधारही असेल, पण सव्वा महिन्याच्या मानेला झटका नको म्हणजे नको.

तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की माझं काम अर्धं झालं. कानामागून छातीच्या हाडापर्यंत येणारा जो स्नायू, तो आखडतो आणि त्यात गाठ येते. जन्मतः ती सहसा लागत नाही, दोन-तीन आठवड्यांनी लागते. पायाळू बाळांत हे जास्त दिसतं. ही गाठ कापायची नसते, ती काही महिन्यांत स्वतःच विरघळते. आखडलेला स्नायू मात्र ताणून सैल करावा लागतो. पहिल्या काही महिन्यांत व्यायाम सुरू केला तर शंभरातली नव्वदहून जास्त बाळं चाकूशिवाय बरी होतात.

फिजिओथेरपिस्टकडून एकदा हात धरून शिकून घ्या. तुमच्या नातवासाठी तो असा: डाव्या हाताने उजवा खांदा हलकेच दाबून धरायचा, उजव्या हाताने डोकं सावकाश डावीकडे, डावा कान डाव्या खांद्याकडे न्यायचा आणि दहापर्यंत मोजायचं. मग हनुवटी उजव्या खांद्याकडे वळवायची, पुन्हा दहा. दिवसातून पाच-सहा वेळा, लंगोट बदलताना. बाळ कळवळून रडलं तर सोडा, थोड्या वेळाने परत. न्हाऊ घालणाऱ्या बाईंनाही शेजारी बसवून शिकवा, त्या रोज येतात, त्यांच्यासारखा मदतीचा हात दुसरा नाही.

बाळाला सहज डावीकडे बघता येतं, म्हणून सगळी गंमत उजवीकडे ठेवा. दिवा, खिडकी, पाळण्याचं चिमणाळं, तुमचं स्वतःचं बसणं, सगळं. पाजताना आईने असं धरावं की त्याला उजवीकडे वळावं लागेल. जागं असताना, कोणीतरी समोर बसून, थोडा वेळ पालथं घाला. एकाच कुशीवर झोपून डोकं एका बाजूला चपटं होतं, ते त्याने टळतं.

दोन तपासण्या विसरू नका. एक खुब्याची सोनोग्राफी, कारण मान वाकडी असलेल्या काही बाळांचा खुबाही सैल असतो आणि पायाळूपणामुळे तुमच्या नातवात ते जास्त संभवतं. दुसरी डोळ्यांची, थोडी मोठेपणी. तिरळेपणामुळेही मूल मान कलती धरतं.

नेमाने व्यायाम करूनही वर्ष-दीड वर्षानंतर मान वळेना, चेहऱ्याची एक बाजू बारीक दिसू लागली, तर स्नायूचा खालचा पट्टा छोट्या छेदातून सोडवतात. त्यानंतरही व्यायाम सुटत नाहीत. पण आजी, तुम्ही ज्या वेळेला लिहिलंत त्या वेळेला सुरू केलं तर बहुधा तिथवर जावं लागत नाही.

मुलगी सात महिन्यांची. मानेच्या डाव्या बाजूला जन्मापासून मऊ फुगा आहे. गेल्या आठवड्यात सर्दी झाली आणि दोन दिवसांत लिंबाचं मोसंबं झालं. एका डॉक्टरांनी सुईने पाणी काढू का विचारलं. बायको विड्या वळते, तंबाखूमुळे झालं का? आणि खर्च किती?
— एक वडील, विडी घरकुल, सोलापूर

दादा, सगळ्यात आधी हे वाचा. मुलगी श्वास घेताना घरघर आवाज येत असेल, झोपेत श्वास अडत असेल, दूध ओढता येत नसेल, ओठ निळसर होत असतील, तर अंक बाजूला ठेवा आणि आत्ता सिव्हिलला न्या. सकाळची वाट बघू नका.

तसं काही नसेल तर शांतपणे पुढचं. शरीरात रक्ताच्या नळ्यांसारख्या लसिकेच्याही, म्हणजे पेशींमधलं पाणी परत नेणाऱ्या, नळ्या असतात. गर्भात त्या नीट जोडल्या गेल्या नाहीत तर पाण्याच्या पिशव्या तयार होतात, बहुतेक मानेवर. अशा निम्म्या गाठी जन्मतःच दिसतात, उरलेल्यांपैकी बहुतेक दोन वर्षांच्या आत. अंधारात मोबाईलचा टॉर्च टेकवला की पाण्याची गाठ कंदिलासारखी उजळते. सर्दी झाली किंवा आत थोडं रक्त सुटलं की ती एकदम फुगते. हा कॅन्सर नव्हे.

तंबाखूचं म्हणाल तर, यातल्या पुष्कळ गाठींचं मूळ गर्भातच काही पेशींच्या जनुकात अचानक झालेल्या बदलात सापडतं. तुमच्या बायकोच्या हाताला त्याचा दोष नाही, तिला आज संध्याकाळीच सांगा. विडीचं सूप मात्र बाळापासून दूर ठेवा, त्या धुळीने खोकला होतो.

सुईने नुसतं पाणी काढायला नको म्हणा. पाणी परत भरतं, आत रक्त होतं, जंतू जातात. सोनोग्राफी आणि बहुतेक वेळा एमआरआय करून पिशव्या मोठ्या आहेत की बारीक बारीक, हे आधी बघतात. मोठ्या असतील तर सोनोग्राफीखाली पाणी काढून त्याच जागी औषध सोडतात, ब्लिओमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन, म्हणजे पिशवीच्या भिंती आकसून चिकटतात. दोन-तीन वेळा करावं लागतं. बारीक पिशव्या, जिभेत किंवा श्वासनलिकेभोवती शिरलेल्या, या कठीण. तिथे कधी शस्त्रक्रिया, कधी सिरोलिमस नावाचं पोटातून घ्यायचं औषध, कधी दोन्ही लागतं.

शस्त्रक्रियेत सगळी गाठ निघालीच पाहिजे असा हट्ट तुम्ही धरू नका, तुमच्या डॉक्टरांनीही धरू नये. या गाठी ओठ हलवणाऱ्या, खांदा उचलणाऱ्या नसांना वेढून बसतात. थोडी गाठ मागे राहिली तर पुन्हा इलाज करता येतो, तोडलेली नस तशी परत मिळत नाही. मुलीचं हसू सरळ राहणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

खर्चासाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, तो योजनेतल्या रुग्णालयांत बसतो. अंगणवाडीत वर्षातून दोनदा बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ही तपासणी 2013 पासून चालू आहे. त्यांच्याकडे नोंद केली तर पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळते. रजा पडेल, रोज बुडेल, हे मला ठाऊक आहे. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा की किती फेऱ्या आणि कोणत्या वारी.

वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या मानेत मटारएवढ्या दोन-तीन गाठी हाताला लागतात. सगळ्यांना पाठवू का?
— एक शिक्षिका, पंढरपूर

नाही. छोट्या, हलणाऱ्या, न दुखणाऱ्या गाठी मुलांत सर्रास असतात, आणि त्या जन्मजात नव्हेत. डोक्यातल्या उवा, फोड, किडके दात, घसा बघा. गाठ दोन सेंटीमीटरहून मोठी, वाढत जाणारी, दगडासारखी टणक, खांद्यापासून छातीकडे येणाऱ्या आडव्या हाडाच्या वर असलेली, किंवा सोबत बारीक ताप आणि वजन घटणं असेल, तर त्या मुलाला लगेच पाठवा.

नऊ महिन्यांच्या मुलाचं मानेचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात सकाळी आठला आहे. रात्रीपासून उपाशी ठेवा म्हणून शेजारी सांगतात. त्याला एवढं राहवणार कसं?
— एक आई, होटगी रस्ता, सोलापूर

रात्रभर उपाशी ठेवायची गरज नाही. आईचं दूध भुलीच्या चार तास आधीपर्यंत चालतं, वरचं दूध आणि खिमट सहा तास, साधं पाणी दोन तास. तुमचे भूलतज्ज्ञ याहून वेगळं सांगतील तर त्यांचं ऐका. पोटात दूध असताना भूल दिली तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून त्याला रडू आलं तरी मध्ये चमचाभरही देऊ नका, आणि दिलं गेलंच तर लपवू नका, सांगा. सर्दी, खोकला किंवा ताप असेल तर आदल्या दिवशीच फोन करा.

खिमट रात्री नऊपर्यंत द्या. गजर साडेतीनचा लावा, उठवून चारच्या आत पोटभर पाजा. सकाळी त्याचं तोंड छातीकडे जाईल, तेव्हा त्याला वडिलांच्या किंवा आजीच्या खांद्यावर द्या. तुमच्या अंगाला दुधाचा वास असतो. आणि ऑपरेशन संपेपर्यंत तुम्ही स्वतः चहा-पोळी खाऊन घ्या, कारण तो शुद्धीवर आला की नर्स तुम्हालाच हाक मारणार आहे पाजायला.